गेम कन्सोलचे उत्पादन नियोजन

गेम कन्सोलचे उत्पादन नियोजन म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्यासाठी बनवलेले विशेष संगणकीय संच (गेम कन्सोल) किती संख्येने, केव्हा व कोठे बनवायचे आणि कोणत्या देशाच्या बाजारपेठेत त्यांतील किती पाठवायचे, हे ठरवण्याची प्रक्रिया होय. सोनी (प्लेस्टेशन), निन्टेन्डो (स्विच) आणि मायक्रोसॉफ्ट (एक्सबॉक्स) या या क्षेत्रातील प्रमुख कंपन्या आहेत. सुट्या भागांची मागणी कन्सोल विक्रीस येण्याच्या कित्येक महिने आधी नोंदवावी लागते. ग्राहकांची खरी मागणी मात्र विक्री सुरू झाल्यावरच कळते. या दोहोंमधील कालांतर ही या नियोजनातील मूळ अडचण आहे. अंदाज कमी पडल्यास टंचाई व चढ्या भावाची पुनर्विक्री होते, तर जास्त ठरल्यास न विकलेल्या मालाचा साठा कंपनीला तोट्यात नेतो. या उद्योगाच्या इतिहासात दोन्ही प्रकारच्या चुकांची उदाहरणे आढळतात.

मागणीचे स्वरूप

कन्सोलची मागणी वर्षभर सारखी नसते. अमेरिका व युरोपात विक्रीचा मोठा भाग नोव्हेंबर व डिसेंबर या महिन्यांत, नाताळच्या खरेदीच्या वेळी होतो. त्यामुळे बहुतेक नवे कन्सोल नोव्हेंबरमध्ये बाजारात आणले गेले आहेत. एक्सबॉक्स ३६० (२००५), प्लेस्टेशन ३ आणि वी (२००६) तसेच प्लेस्टेशन ५ (२०२०) ही त्याची उदाहरणे होत. मार्च २०१७ मध्ये आलेला निन्टेन्डो स्विच आणि जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ हे ठळक अपवाद आहेत.

कन्सोलचे आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचे असते. पहिल्या काही महिन्यांत उत्साही ग्राहक कोणत्याही किमतीला खरेदी करण्यास तयार असतात. त्यानंतरची मागणी मुख्यतः उपलब्ध गेमांवर आणि किमतीवर अवलंबून असते. एखादा लोकप्रिय गेम आल्यास जुन्या कन्सोलचीही विक्री वाढते, तर अपेक्षित गेम लांबणीवर पडल्यास चांगल्या कन्सोलचाही माल पडून राहतो. म्हणून उत्पादनाचे वेळापत्रक व गेमांचे वेळापत्रक यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

अर्थशास्त्रीय पार्श्वभूमी

या प्रश्नाचे सोपे रूप व्यवस्थापनशास्त्रात ‘वृत्तपत्र विक्रेत्याची समस्या’ म्हणून ओळखले जाते. विक्रेत्याला पहाटेच किती अंक उचलायचे हे ठरवावे लागते. अंक कमी पडले तर ग्राहक परत जातो आणि उरले तर संध्याकाळी त्यांची रद्दी होते. किती माल घ्यावा हे केवळ सरासरी मागणीवर ठरत नाही. एक नग कमी पडल्याने होणारे नुकसान आणि एक नग उरल्याने होणारे नुकसान यांच्या गुणोत्तरावर ते ठरते. केवळ उदाहरणादाखल, कमी पडलेल्या नगामागे ३,००० रुपयांचे आणि उरलेल्या नगामागे १,००० रुपयांचे नुकसान होत असेल, तर मागणी पूर्ण भागण्याची शक्यता ७५ टक्के राहील इतका माल ठेवणे किफायतशीर ठरते.

कन्सोलच्या बाबतीत हे गणित अधिक गुंतागुंतीचे होते. अनेक कन्सोल उत्पादन खर्चाच्या जवळपास किंवा त्याहून कमी किमतीत विकले जातात. गेमांची विक्री, इतर कंपन्यांच्या गेमांवरील स्वामित्वशुल्क आणि मासिक वर्गणी यांतून नफा मिळवला जातो. एपिक गेम्स विरुद्ध ॲपल या खटल्यात मे २०२१ मध्ये साक्ष देताना मायक्रोसॉफ्टच्या उपाध्यक्ष लोरी राइट यांनी, एक्सबॉक्स कन्सोलच्या विक्रीवर कंपनीला कधीही नफा झालेला नाही, असे सांगितले होते. अशा व्यवस्थेत कन्सोल कमी पडल्यास संच न विकला गेल्याच्या नुकसानीत त्यावर पुढील काही वर्षे विकले जाणारे गेमही धरावे लागतात. दुसरीकडे, संच आधीच तोट्यात विकला जात असल्यामुळे उरलेला माल सवलतीत काढल्यास तोटा आणखी वाढतो.

मागणीची चुकीची माहिती वरपर्यंत पोहोचणे ही आणखी एक अडचण आहे. टंचाईच्या काळात आपल्याला मागितलेल्यापेक्षा कमी माल मिळेल हे ओळखून किरकोळ विक्रेते गरजेपेक्षा जास्त नगांची मागणी नोंदवतात. चाबकाची मूठ थोडी हलवली तरी टोक मोठा फटकारा मारते, त्याप्रमाणे दुकानातील मागणीतला लहान बदल कारखान्यापर्यंत पोहोचताना अनेक पटींनी फुगतो. यास पुरवठा साखळीतील ‘चाबूक परिणाम’ म्हणतात.

नियोजनाचे टप्पे

चिपांची मागणी

कन्सोलचा मुख्य घटक म्हणजे त्यातील मध्यवर्ती व चित्रप्रक्रिया करणारी चिप. कन्सोल कंपन्या ती सहसा स्वतः बनवत नाहीत. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स यांच्या चिपांचा आराखडा एएमडी या कंपनीचा असून त्यांचे उत्पादन तैवानमधील टीएसएमसी ही कंपनी करते. चिपनिर्मितीत सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो प्रक्रिया कराव्या लागतात. त्यांस साधारण तीन ते चार महिने किंवा अधिक काळ लागतो. शिवाय कारखान्याची क्षमता भ्रमणध्वनी, संगणक व मोटारगाड्यांच्या चिपांसाठीही राखून ठेवलेली असते. त्यामुळे मागणी अचानक वाढली तरी चिपांचा पुरवठा लगेच वाढवता येत नाही.

एका चकतीतून निघणाऱ्या सर्व चिपा निर्दोष नसतात. नव्या चिपेच्या बाबतीत निर्दोष नगांचे प्रमाण सुरुवातीला कमी असते व अनुभवाने ते वाढत जाते. या अडचणीवर उपाय म्हणून चिपेत काही घटक मुद्दाम जास्तीचे ठेवले जातात. प्लेस्टेशन ३ मधील ‘सेल’ चिपेवर आठ सहायक प्रक्रियक होते, पण त्यांपैकी सातच वापरात आणले गेले. एखादा प्रक्रियक सदोष निघाला तरी ती चिप वापरता यावी, हा त्यामागील हेतू होता. प्लेस्टेशन ५ च्या चित्रप्रक्रिया भागात ४० पैकी ३६, तर एक्सबॉक्स सीरिज एक्समध्ये ५६ पैकी ५२ गणनघटक कार्यान्वित असतात. चिपेचा आकारही महत्त्वाचा असतो. एक्सबॉक्स सीरिज एक्सच्या चिपेचे क्षेत्रफळ सुमारे ३६० चौरस मिलिमीटर, तर स्वस्त सीरिज एसच्या चिपेचे सुमारे १९७ चौरस मिलिमीटर आहे. म्हणजे एकाच आकाराच्या चकतीतून सीरिज एससाठी बऱ्याच अधिक चिपा मिळतात.

जुळणी आणि वाहतूक

स्मृती, साठवण, वीजपुरवठा, पंखे इत्यादी सुटे भाग वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येतात व फॉक्सकॉनसारखे कंत्राटी उत्पादक संचाची जुळणी करतात. शेकडो भागांपैकी एक स्वस्त भाग जरी आला नाही तरी पूर्ण संच तयार होत नाही. जुळणीचे काम दीर्घकाळ चीनमध्ये एकवटलेले होते. जून २०१९ मध्ये सोनी, निन्टेन्डो व मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी अमेरिकी सरकारला संयुक्त पत्र लिहून कन्सोलवरील प्रस्तावित आयातशुल्कास विरोध केला. २०१८ मध्ये अमेरिकेत आयात झालेल्या कन्सोलांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक चीनमध्ये बनलेले होते, असे त्या पत्रात नमूद होते. त्याच वर्षी निन्टेन्डोने स्विचच्या उत्पादनाचा काही भाग व्हिएतनाममध्ये हलवला.

तयार माल मुख्यतः जहाजाने जातो. पूर्व आशियातून युरोपात माल पोहोचण्यास महिना किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. त्यामुळे नाताळसाठीचे उत्पादन उन्हाळ्यातच वाढवावे लागते. ऐन वेळी तुटवडा भासल्यास विमानाने माल पाठवता येतो, मात्र त्याचा खर्च बराच जास्त असतो.

अंदाजांची दुरुस्ती

सोनी व निन्टेन्डो या जपानी कंपन्यांचे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. वर्षाच्या सुरुवातीला त्या विक्रीचा अंदाज जाहीर करतात व तिमाही निकालांच्या वेळी गरजेनुसार तो सुधारतात. विक्रेत्यांकडे रवाना झालेले नग आणि ग्राहकांनी प्रत्यक्ष विकत घेतलेले नग हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला आकडा मोठा दिसत असला तरी माल दुकानात पडून असू शकतो. म्हणून पुढील उत्पादन ठरवताना दुसरा आकडा अधिक उपयोगी पडतो.

काही आर्थिक वर्षांतील मूळ अंदाज व प्रत्यक्ष आकडे असे :

वी यू (२०१३–१४) : अंदाज ९० लाख; प्रत्यक्ष २७.२ लाख
स्विच (२०१७–१८) : अंदाज १ कोटी, प्रत्यक्ष १ कोटी ५०.५ लाख
स्विच (२०२१–२२) : अंदाज २ कोटी ५५ लाख, प्रत्यक्ष २ कोटी ३०.६ लाख
प्लेस्टेशन ५ (२०२१–२२) : अंदाज १ कोटी ४८ लाख, प्रत्यक्ष १ कोटी १५ लाख
प्लेस्टेशन ५ (२०२२–२३) : अंदाज १ कोटी ८० लाख, प्रत्यक्ष १ कोटी ९१ लाख
प्लेस्टेशन ५ (२०२३–२४) : अंदाज २ कोटी ५० लाख; प्रत्यक्ष २ कोटी ८ लाख

यांतील तफावतीची कारणे एकसारखी नाहीत. वी यूच्या बाबतीत ग्राहकच कमी होते, तर २०२१–२२ मध्ये ग्राहक असूनही चिपा उपलब्ध नव्हत्या.

इतिहास

अटारी आणि १९८३ ची मंदी

अतिउत्पादनाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील अटारी या कंपनीचे आहे. ऑक्टोबर १९८१ मध्ये अटारीने वितरकांना १९८२ या संपूर्ण वर्षाची मागणी एकदम नोंदवण्यास सांगितले. आधीच्या टंचाईचा अनुभव असलेल्या वितरकांनी, आपल्याला मागितल्यापैकी काही भागच मिळेल या समजुतीने, मागणी फुगवून नोंदवली. कंपनीने ती खरी मानून उत्पादन केले. १९८२ मध्ये स्पर्धकांचे गेम बाजारात आल्यावर वितरकांनी या मागण्या रद्द करण्यास सुरुवात केली आणि नाताळच्या हंगामासाठी घाईने बनवलेल्या ‘ई. टी.’ या गेमच्या लक्षावधी कॅसेट पडून राहिल्या. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न विकलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथील कचराभूमीत पुरला. एप्रिल २०१४ मध्ये तेथे केलेल्या उत्खननात यांपैकी काही कॅसेट सापडल्या. या काळात उत्तर अमेरिकेतील कन्सोल उद्योग जवळपास कोसळला.

निन्टेन्डोचे नियंत्रित पुरवठ्याचे धोरण

निन्टेन्डोने १९८५ मध्ये अमेरिकेच्या बाजारात प्रवेश करताना न्यूयॉर्क शहरापासून मर्यादित विक्रीने सुरुवात केली. मंदीने पोळलेल्या विक्रेत्यांना पुन्हा कन्सोल ठेवण्यास राजी करणे हे त्या वेळचे मोठे आव्हान होते. इतर कंपन्यांच्या गेमांच्या कॅसेट निन्टेन्डोच बनवून देत असे व त्यांची किंमत आगाऊ घेत असे. साहजिकच न विकलेल्या मालाचा धोका गेम कंपन्यांवर पडे. १९८८ मध्ये स्मृतिचिपांच्या टंचाईमुळे कॅसेटींचा पुरवठा आटला. टंचाई खरी असली तरी निन्टेन्डो बाजार मुद्दाम भुकेला ठेवते, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे.

सेगा, सोनी आणि घाईने केलेली विक्री

सेगा कंपनीने ११ मे १९९५ रोजी आपला सॅटर्न हा कन्सोल अमेरिकेत जाहीर तारखेच्या सुमारे चार महिने आधी, अचानक विक्रीस आणला. माल थोडा असल्याने तो मोजक्याच विक्रेत्यांना देण्यात आला. वगळल्या गेलेल्या काही दुकानदारांनी नाराज होऊन पुढे सेगाचा माल ठेवण्यास नकार दिला. शिवाय इतर कंपन्यांचे गेम मूळ तारखेच्या हिशेबाने तयार होत असल्याने नव्या कन्सोलसाठी खेळांचाही तुटवडा होता. १९९८ मध्ये जपानमध्ये आलेल्या ड्रीमकास्टच्या वेळी चित्रप्रक्रिया चिपेच्या निर्दोष नगांचे प्रमाण कमी असल्यामुळे सेगाला पूर्वनोंदणी थांबवावी लागली. जानेवारी २००१ मध्ये सेगाने कन्सोल उत्पादन बंद करण्याची घोषणा केली.

सोनीच्या प्लेस्टेशनने (१९९४) कॅसेटऐवजी सीडीचा अवलंब केला. सीडी स्वस्तात व काही दिवसांत छापून मिळत असल्याने गेम कंपन्यांना सुरुवातीला थोड्या प्रती काढून मागणीप्रमाणे पुन्हा छापणे शक्य झाले. कन्सोलच्या बाबतीत मात्र अशी लवचीकता नव्हती. ऑक्टोबर २००० मध्ये प्लेस्टेशन २ अमेरिकेत आला तेव्हा सुट्या भागांअभावी पहिल्या दिवशीचे नियोजित १० लाख संच ५ लाखांवर आणावे लागले. २००६ मध्ये निळ्या लेसरच्या डायोडांच्या टंचाईमुळे प्लेस्टेशन ३ चे युरोपातील आगमन मार्च २००७ पर्यंत लांबले.

वी आणि वी यू

एकाच कंपनीच्या लागोपाठच्या दोन कन्सोलांनी दोन्ही टोके दाखवून दिली. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या वीला निन्टेन्डोच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक मागणी आली. उत्पादन महिन्याला १८ लाख व पुढे २४ लाख नगांपर्यंत वाढवूनही अमेरिकेत सुमारे दोन वर्षे टंचाई राहिली. वीचे एकूण १० कोटींहून अधिक नग विकले गेले. त्यानंतरच्या वी यूची एकूण विक्री मात्र केवळ १ कोटी ३५.६ लाख इतकीच झाली. जानेवारी २०१४ मध्ये वार्षिक अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणावा लागला, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी पाच महिन्यांसाठी स्वतःचे वेतन निम्मे केले.

कोविड-१९ आणि चिपांची टंचाई

फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधील उत्पादन विस्कळीत झाल्यामुळे जपानमधील स्विचचा पुरवठा लांबला. त्याच वेळी टाळेबंदीमुळे घरी अडकलेल्या लोकांची मागणी वाढली. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेले प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सीरिज एक्स जागतिक चिपटंचाईत सापडले. दुकानांच्या संकेतस्थळांवर आलेला माल स्वयंचलित प्रणालींच्या साहाय्याने काही मिनिटांत उचलून तो चढ्या भावाने विकणारे पुनर्विक्रेते या काळात जगभर चर्चेत राहिले. प्लेस्टेशन ५ चा पुरवठा २०२३ च्या सुरुवातीपासून सुरळीत झाला.

स्विच २

निन्टेन्डोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी पुनर्विक्रीवरील सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे मागणी पुरवता येईल इतके उत्पादन करणे, अशी भूमिका २०२४ मध्ये मांडली. तरीही एप्रिल २०२५ मध्ये कंपनीच्या जपानमधील ऑनलाइन दुकानात स्विच २ च्या सोडतीसाठी सुमारे २२ लाख अर्ज आले व ते उपलब्ध मालापेक्षा बरेच अधिक होते. अर्जदाराने जुन्या स्विचवर किमान ५० तास खेळलेले असावे, अशी अट घालण्यात आली होती. पुनर्विक्रेत्यांना रोखणे हा तिचा उद्देश होता. जपानसाठी केवळ जपानी भाषेत चालणारी स्वस्त आवृत्ती (४९,९८० येन) काढल्यामुळे ती परदेशात नेऊन विकण्याचे आकर्षणही कमी झाले. अमेरिकेतील पूर्वनोंदणी नव्या आयातशुल्कांच्या अनिश्चिततेमुळे ९ एप्रिलऐवजी २४ एप्रिल रोजी सुरू झाली. ५ जून २०२५ पासूनच्या पहिल्या चार दिवसांत या कन्सोलचे ३५ लाखांहून अधिक नग विकले गेले.

कृत्रिम टंचाईचा आरोप

प्रत्येक टंचाईच्या वेळी कंपन्या प्रसिद्धीसाठी मुद्दाम कमी माल सोडतात, असा आरोप होतो. टंचाईमुळे उत्पादनाची चर्चा वाढते हे खरे आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेली एनईएसची लघु आवृत्ती मागणी असतानाही एप्रिल २०१७ मध्ये बंद करण्यात आली व जून २०१८ मध्ये पुन्हा विक्रीस आणली गेली, तेव्हा निन्टेन्डोवर अशीच टीका झाली. ते उत्पादन दीर्घकाळ चालवण्याचा हेतू नव्हता, असे कंपनीचे म्हणणे होते.

मुख्य कन्सोलच्या बाबतीत मात्र हा आरोप आर्थिक हिताशी सहज जुळत नाही. नफा गेमांतून मिळत असल्याने जितके संच घरोघरी पोहोचतील तितका कंपनीचा फायदा असतो. शिवाय टंचाईत वाढलेल्या किमतीचा लाभ पुनर्विक्रेत्यांना मिळतो, उत्पादकाला नाही. कंपन्या अनेकदा सावधपणे कमी अंदाज बांधतात, हे मात्र आकड्यांवरून दिसते. वी यूसारख्या अपयशानंतर आलेल्या स्विचचा पहिल्या पूर्ण वर्षाचा अंदाज १ कोटी होता व प्रत्यक्ष विक्री त्याच्या दीडपट झाली. मुद्दाम केलेली टंचाई आणि तोट्याच्या भीतीने धरलेला सावध अंदाज या दोन गोष्टी ग्राहकाला सारख्याच दिसतात, पण त्यांची कारणे भिन्न आहेत.

अनिश्चितता कमी करण्याचे उपाय

मागणी अचूक ओळखणे शक्य नसल्याने कंपन्या चुकीची किंमत कमी करण्यावर भर देतात. त्यासाठी पुढील उपाय योजले जातात :

टप्प्याटप्प्याने विक्री : सर्व देशांत एकाच दिवशी विक्री सुरू न करता मोठ्या बाजारपेठांना आधी माल दिला जातो.
पूर्वनोंदणी व सोडत : खऱ्या मागणीची आगाऊ माहिती मिळते व वाटप अधिक न्याय्य होते.
किमतीत बदल : माल उरल्यास किंमत कमी केली जाते. निन्टेन्डो ३डीएसची जपानमधील किंमत ऑगस्ट २०११ मध्ये, विक्री सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, २५,००० येनवरून १५,००० येन करण्यात आली.
फेररचना : चिपा लहान करून व भागांची संख्या घटवून तोच कन्सोल कमी खर्चात बनवला जातो. प्लेस्टेशन २ चे उत्पादन सुमारे तेरा वर्षे चालले व त्याचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले.
उत्पादनस्थळांची विभागणी : जुळणी एकाहून अधिक देशांत केल्याने आयातशुल्क, साथीचे रोग व नैसर्गिक आपत्ती यांचा धोका वाटला जातो.

भारतातील स्थिती

जागतिक वाटपात भारतासारख्या लहान कन्सोल बाजारपेठांचा क्रम नंतर लागतो. प्लेस्टेशन ५ अमेरिका व जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० रोजी आला, तर भारतात तो २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपये किमतीस उपलब्ध झाला. पूर्वनोंदणीसाठी ठेवलेला माल काही मिनिटांतच संपला आणि त्यानंतर बराच काळ ठरावीक दिवशी थोडा थोडा माल विक्रीस येत राहिला. निन्टेन्डो स्विचची अधिकृत विक्री भारतात झाली नाही, त्यामुळे भारतीय ग्राहक आयातदारांवर अवलंबून राहिले. मुंबईतील लॅमिंग्टन रोड व दिल्लीतील पालिका बाजार ही अशा मालाची परिचित ठिकाणे आहेत. अशा खरेदीत किंमत अनिश्चित असते व उत्पादकाची हमी सहसा मिळत नाही. उत्पादकाने केलेल्या वाटपाचा परिणाम भारतीय ग्राहकाला या स्वरूपात जाणवतो.

हेही पाहा

व्हिडिओ गेम
पुरवठा साखळी व्यवस्थापन
अर्धवाहक
निन्टेन्डो
प्लेस्टेशन
एक्सबॉक्स